तुमचा ट्रान्सपोर्टर एकटा काम करतो की गटाने? लॅबमध्ये शोधून काढायची पूर्ण पद्धत

मेम्ब्रेन प्रोटीनवर, म्हणजे पेशीच्या पडद्यात बसणाऱ्या प्रोटीनवर (त्यातलं पदार्थ पडद्यापार नेणारं ते ट्रान्सपोर्टर), काम सुरू केलं की हा प्रश्न येतोच, की आपलं प्रोटीन पडद्यात एकटं बसतं (मोनोमर), जोडीने बसतं (डायमर) की तिघं-चौघं मिळून (ट्रायमर, टेट्रामर). बरेच जण एक जेल रन करतात, दुप्पट वजनावर बँड दिसला की वहीत "डायमर" लिहितात आणि पुढे जातात. मीसुद्धा हेच केलं होतं आणि चार महिने त्या बँडच्या मागे घालवले. शेवटी कळलं की सँपल 95 अंशांवर तापवल्यामुळे प्रोटीन एकमेकांना चिकटत होतं, म्हणजे जो बँड मी मोजत बसलो होतो तो पेशीत नव्हताच, तो माझ्या हीट ब्लॉकवर तयार होत होता. तसा वेळ दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. इथे प्रश्न दोन आहेत. प्रोटीनचे तुकडे जुळतात का हा एक, आणि काम करायला जुळणं लागतं का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचं पण "हो" असेल असं अजिबात नाही, आणि दोन्हींसाठी प्रयोग वेगळे लागतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ई. कोलाय मधला क्लोराइडचा ट्रान्सपोर्टर, सीएलसी-ईसी1. हा कायम डायमर म्हणूनच सापडतो आणि जोडी घट्ट असते. पण दोघांच्या मधल्या जागेत ट्रिप्टोफॅनसारखं जाडजूड अमिनो आम्ल घालून 2010 साली ती जोडी फोडली गेली, तर एकटा मोनोमरही क्लोराइड आणि प्रोटॉनची अदलाबदल करत राहिला! म्हणजे जोडी खरी, पण वाहतुकीसाठी ती लागत नाही. उलट केसीएसए हा पोटॅशियम चॅनल घ्या, ज्याची रचना 1998 साली मॅकिनन यांच्या गटाने दाखवली (2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि अॅक्वापोरिन, म्हणजे पाण्याचा चॅनल, शोधणाऱ्या पीटर अॅग्रे यांना मिळून मिळालं), त्यात चार सबयुनिट (एकत्र येणारी एकेक प्रोटीनं) एकत्र आल्याशिवाय मधलं भोकच तयार होत नाही, एकट्याला काही अर्थ नाही. आणि अॅक्वापोरिन पण चौघांचाच, पण तिथे प्रत्येकाचं पाण्याचं भोक स्वतःचं. तिन्हींच्या जेलवर "एकत्र आहेत" एवढंच दिसेल, पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सुरुवात कागदावर

सिक्वेन्स घ्या आणि पडद्यातून आरपार जाणारे हेलिक्स मोजा. हेलिक्समध्ये एका अमिनो आम्लामागे 1.5 अँगस्ट्रॉम उंची वाढते आणि पडद्याचा तेलकट भाग साधारण 30 अँगस्ट्रॉम, म्हणून सलग 20 च्या आसपास पाण्याला घाबरणारी अमिनो आम्लं दिसली की तिथे हेलिक्स असण्याची शक्यता. टोकं कुठल्या बाजूला आहेत तेही काढा, पेशीच्या आतल्या बाजूच्या लूपमध्ये लायसिन आणि आर्जिनिन जास्त असतात, हा नियम बऱ्यापैकी टिकतो.

मग अल्फाफोल्डला (सिक्वेन्सवरून रचनेचा अंदाज देणारा प्रोग्राम) दोन, तीन, चार कॉपी देऊन बघा. आयपीटीएम (कॉपी कशा जुळतात याबद्दल मॉडेलच्या खात्रीचा आकडा) 0.8 च्या वर आला तर मॉडेल गांभीर्याने घ्यावं, 0.6 च्या खाली असेल तर सोडून द्या, मधलं असेल तर दुसरा पुरावा शोधा. पण अल्फाफोल्डला तिथे पडदा आहे हे सांगितलेलं नसतं. त्यामुळे कधीकधी एक प्रोटीन सरळ आणि दुसरं आडवं असं सुंदर मॉडेल येतं जे पडद्यात बसूच शकत नाही, म्हणून तेलकट पट्टा दोघांचा एका पातळीवर येतोय का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

टॅग कुठे लावायचा

मी शेपटीला, म्हणजे सी-टोकाला, जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) आणि त्यामागे हिस-टॅग (शुद्धीकरणात प्रोटीन पकडायला हिस्टिडीनची शेपटी) लावतो, मध्ये प्रोटीएजने कापता येईल अशी जागा ठेवून. जीएफपीचा फायदा असा की प्रोटीन शुद्ध न करताच ते कुठे आहे ते दिसतं. फक्त ई. कोलायमध्ये सी-टोक सायटोप्लाझमच्या बाजूला असायला हवं, सेक या प्रोटीन पडद्यापार नेणाऱ्या नेहमीच्या मार्गाने बाहेर गेलेलं जीएफपी चमकत नाही.

आणि टॅगमुळे जुळणी बिघडू शकते हे लक्षात असू द्या. ईएमआरई हा फक्त 110 अमिनो आम्लांचा ट्रान्सपोर्टर आहे, आणि त्याच्या जोडीत एक सरळ आणि एक उलटा बसतो. एकाच प्रोटीनच्या दोन कॉपी दोन दिशांना तोंड करून! इतक्या छोट्या प्रोटीनला 27 किलोडाल्टनचं जीएफपी लावलं की ते कुठल्या दिशेने बसेल हे टॅगच ठरवायला लागतो. म्हणून टॅग कापून एकदा तरी सगळं परत करायचंच.

मेम्ब्रेन वेगळी करणं

हे सरळ आहे. पेशी फोडा, 10,000 जी ला न फुटलेल्या पेशी आणि कचरा खाली बसवा, वरचं घेऊन 100,000 जी ला एक तास फिरवा, खाली तपकिरी, काचेसारखा पेलेट येईल तीच मेम्ब्रेन. सगळं 4 अंशांवर, प्रोटीएज इनहिबिटर आधीच घालून. पेलेट होमोजेनायझरने नीट एकजीव करा, गुठळ्या राहिल्या तर पुढे डिटर्जंट आतपर्यंत पोचत नाही आणि आपण उगाच डिटर्जंटला दोष देत बसतो.

डिटर्जंट, आणि इथे थांबून वाचा

माझ्या मते निम्म्याहून जास्त चुकीचे निष्कर्ष या एका पायरीवर जन्माला येतात. डिटर्जंट पडदा काढून टाकतं आणि प्रोटीनच्या तेलकट कमरेभोवती स्वतःचा पट्टा बांधतं. पण तो पट्टा दोन सबयुनिटच्या मधेही घुसू शकतो, आणि सबयुनिट एकत्र धरून ठेवणारे लिपिड पण वाहून नेऊ शकतो, मग पडद्यात एकत्र असलेलं कॉम्प्लेक्स ट्यूबमध्ये सुटं होतं आणि आपण लिहितो "मोनोमर".

मायटोकॉन्ड्रियातली श्वसनसाखळी बघा. डिजिटोनिन हे सौम्य डिटर्जंट वापरलं तर कॉम्प्लेक्स एक, तीन आणि चार एकमेकांना धरून सुपरकॉम्प्लेक्स म्हणून बाहेर येतात. तीच मेम्ब्रेन, पण डीडीएम हे दुसरं डिटर्जंट वापरलं की बरेचसे सुटे. प्रोटीन तेच, पेशी तीच, उत्तर वेगळं.

म्हणून एकाच डिटर्जंटवर कधीही थांबू नका. मी कमीत कमी चार घेतो: डीडीएम, एलएमएनजी, डिजिटोनिन आणि एखादं कडक, जसं की ओजी. डीडीएमचं सीएमसी, म्हणजे ज्या प्रमाणावर मायसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे छोटे गोळे) बनायला लागतात ते, साधारण 0.009 टक्के. मेम्ब्रेन विरघळवताना 1 टक्का घाला, 4 अंशांवर एक-दोन तास हळू फिरवत ठेवा, परत 100,000 जी ला फिरवा, आणि यावेळी वरचं सुपरनेटंट ठेवा. नंतरच्या प्रत्येक बफरमध्ये सीएमसीच्या दोन-तीन पट राहू द्या, डीडीएमसाठी 0.03 टक्के चालतं. एखाद्या वॉशमध्ये डिटर्जंट घालायला विसरलात तर प्रोटीन कॉलमवरच गोळा होऊन बसेल.

डिटर्जंट नको असेल तर एसएमए नावाचं पॉलिमर आहे, ते पडद्याचा गोल तुकडाच कापून काढतं, प्रोटीन त्याच्या आजूबाजूच्या लिपिडसकट बाहेर येतं. तुकडा साधारण 10 नॅनोमीटरचा, त्यामुळे मोठं कॉम्प्लेक्स बसत नाही, आणि मॅग्नेशियम-कॅल्शियम जास्त झालं की पॉलिमर खाली बसतं, म्हणजे एटीपी वापरणाऱ्या प्रोटीनला जरा अवघडच. पण "डिटर्जंटने फोडलं का" या शंकेसाठी उत्तम.

एफएसईसी: कमी मालात जास्त माहिती

जीएफपी लावलेलं असेल तर शुद्धीकरण न करताच, विरघळवलेलं सुपरनेटंट थोडंसं सुपरोज 6 कॉलमवर (यातून मोठे कण आधी, छोटे नंतर बाहेर येतात) सोडा आणि पुढे फ्लोरोसन्स डिटेक्टर लावा. 2006 पासून ही पद्धत (एफएसईसी, म्हणजे आकारानुसार वेगळं करून फ्लोरोसन्सने बघणं) रूढ झाली आणि माझ्या दृष्टीने या क्षेत्रात यासारखा वेळ वाचवणारा प्रकार नाही.

ग्राफ कसा वाचायचा? 24 मिलीच्या कॉलमवर 8 मिलीच्या आसपास जो पीक येतो तो व्हॉइड, म्हणजे गोळा झालेलं प्रोटीन. अगदी शेवटी एक बारीक पीक येतो, ते तुटून सुटं झालेलं जीएफपी. मधे एकच उंच, दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा पीक आला तर छान. पीकला डाव्या बाजूला खांदा असेल, म्हणजे उतार मधेच फुगलेला, तर दोन अवस्था एकत्र आहेत. असा खांदा दिसला की मी सँपल पाच पट पातळ करून परत सोडतो, खांदा कमी झाला तर जोडी सुटतेय, तसाच राहिला तर वेगळं काहीतरी चिकटलंय. चारही डिटर्जंटचे ग्राफ एकावर एक ठेवा. तिथेच बहुतेक गोष्ट कळते.

फक्त इथून वजन काढू नका. कॉलमला प्रोटीन आणि मायसेल मिळून दिसतं, आणि डीडीएमचं मायसेलच 50 ते 70 किलोडाल्टनचं असतं.

जेल

एसडीएस (प्रोटीनची घडी उलगडणारं कडक डिटर्जंट) जेलवर मेम्ब्रेन प्रोटीन बऱ्याचदा खऱ्या वजनापेक्षा खाली पळतं, ते नॉर्मल आहे. सँपल उकळू नका, 37 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि शेजारच्या लेनमध्ये मुद्दाम उकळलेलं सँपल ठेवा. तुलनेला केसीएसए फार छान आहे: एकाचं वजन साधारण 18 किलोडाल्टन, न तापवता लोड केला तर एसडीएसमध्येसुद्धा चौघं एकत्र राहतात आणि बँड वर दिसतो, 95 अंशांवर तापवला की खाली एकट्याचा. खरं कॉम्प्लेक्स तापवल्यावर सुटतं, तापवल्यामुळे झालेला गोळा तापवल्यावर वाढतो. माझ्या त्या चार महिन्यांच्या बँडला ही एक शेजारची लेन पुरली असती.

ब्लू नेटिव्ह जेलमध्ये कूमासी प्रोटीनला चिकटून चार्ज देतं आणि कॉम्प्लेक्स अखंड राहतं. पण डाय आणि लिपिडचं वजन पण मोजलं जातं, त्यामुळे नेहमीच्या पाण्यात विरघळणाऱ्या मार्करशी तुलना केली तर ट्रान्सपोर्टर जवळजवळ 1.8 पट जड दिसतात. ही दुरुस्ती न केल्यामुळे मोनोमरचे डायमर झालेले मी स्वतः पाहिलेत. शेजारी ज्याची संख्या माहीत आहे असं मेम्ब्रेन प्रोटीन मार्कर म्हणून ठेवा.

खरं वजन

आता प्रोटीन शुद्ध झालं की एसईसी-माल्स (आकारानुसार वेगळं करणारा कॉलम आणि पुढे विखुरलेला प्रकाश मोजणं) करा. यूव्ही, लाइट स्कॅटरिंग आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स असे तीन सिग्नल एकाच वेळी घेतले जातात, आणि डीडीएम 280 ला यूव्ही जवळजवळ शोषत नाही पण रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्समध्ये दिसतं, या फरकावरून प्रोटीन किती आणि डिटर्जंट किती हे वेगळं काढता येतं. निघालेल्या प्रोटीनच्या वजनाला एका सबयुनिटच्या वजनाने भागा. 1.9 आलं तर दोन. 1.5 आलं तर खूश होऊन दोन म्हणू नका, तिथे मिश्रण आहे.

पडद्यात असतानाच बघा

इथपर्यंतचं सगळं पडद्याच्या बाहेर झालं. आता मेम्ब्रेन अखंड असताना क्रॉसलिंक करा, म्हणजे मॉडेलवरून समोरासमोर येतील अशा दोन जागी सिस्टीन घाला, ऑक्सिडाइज करा आणि 1, 2, 5, 10 मिनिटांना सँपल काढून थांबवा. खरा डायमर असेल तर बँड दोनवर जाऊन थांबतो, कितीही वेळ गेला तरी. नुसती गर्दी असेल तर दोन, तीन, चार अशी शिडी वर वर चढत राहते आणि शेवटी वेलच्या तोंडाशी डाग पडतो. जोडी न जुळणारं सिस्टीन, प्रोटीनच्या दुसऱ्या बाजूला घातलेलं, कंट्रोल म्हणून हवंच.

गर्दीचा हा मुद्दा फ्रेटलाही (दोन चमकणारे टॅग जवळ आले की एकाची ऊर्जा दुसऱ्याला जाते, त्यावरून जवळीक मोजणं) लागू आहे. जास्त एक्सप्रेस केलं की पडद्यात जागाच उरत नाही आणि अनोळखी प्रोटीनही एकमेकांच्या जवळ येतात. एक्सप्रेशन कमी-कमी करत जा, सिग्नल टिकला तर जोडी.

सिंगल मॉलिक्यूल मायक्रोस्कोप मिळत असेल तर जीएफपी एकेक करून विझतात त्या पायऱ्या मोजता येतात, चार सबयुनिट म्हणजे जास्तीत जास्त चार पायऱ्या. पण सगळे जीएफपी चमकणारे नसतात, साधारण 80 टक्केच धरायचे, म्हणून टेट्रामरमध्येही तीन पायऱ्यांचे ठिपके भरपूर दिसणार. 0.8 चा चौथा घात काढा, चारही चमकणारे फक्त 41 टक्के येतात.

आता दुसरा प्रश्न: काम

शुद्ध प्रोटीन लिपोसोममध्ये (लिपिडच्या पोकळ फुग्यांमध्ये) घाला. लिपिड 400 नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ढकलून एकसारखे करा, थोडं ट्रायटन (डिटर्जंट) घालून मऊ करा, प्रोटीन मिसळा, मग बायो-बीड्स (डिटर्जंट शोषणारे मणी) घालून डिटर्जंट हळूहळू काढा. घाई केली तर प्रोटीन बाहेरच गोळा होतं.

जोर द्यायला आयनांचा फरक लागतो. आत 100 मिलिमोलर पोटॅशियम, बाहेर 1, आणि व्हॅलिनोमायसिन (पोटॅशियमला पडद्यापार नेणारा रेणू) घातलं की पोटॅशियम बाहेर पळतं आणि आतली बाजू साधारण उणे 118 मिलिव्होल्ट होते (दर दहापट फरकाला 59). मग सबस्ट्रेट घाला, 5, 10, 20, 30 सेकंदांना सँपल बर्फासारख्या थंड बफरमध्ये थांबवून फिल्टर करा.

इतकी घाई का, तर लिपोसोम फार छोटा असतो. 100 नॅनोमीटर व्यासाच्या लिपोसोममध्ये 10 मिलिमोलर भरायला दोन-तीन हजार रेणू पुरतात. सेकंदाला 100 रेणू नेणारा ट्रान्सपोर्टर अर्ध्या मिनिटात भांडं भरून टाकतो, त्यानंतर तुम्ही वेग मोजत नसता, भरलेलं भांडं बघत असता. आणि चॅनल असेल तर, तो सेकंदाला कोटीच्या घरात आयन सोडतो, मिलिसेकंदाच्या आत संपलं, तिथे ही पद्धत सोडून इलेक्ट्रोड लावून करंट मोजावा लागतो.

कंट्रोल तीन: प्रोटीन न घालता त्याच पद्धतीने केलेले रिकामे लिपोसोम, काम न करणारा म्युटंट, आणि आयनांचा फरक मोडून टाकल्यावरचं मोजमाप. रिकाम्यांतही सबस्ट्रेट शिरत असेल तर डिटर्जंट राहिलंय.

जोडी मोडून बघणं

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे जोडाच्या जागी म्युटेशन करून मोनोमर बनवायचा, तो मोनोमरच आहे हे वरच्या पद्धतींनी सिद्ध करायचं, मग वाहतूक मोजायची. म्युटंट काम करत नसेल तर मात्र जपून, तो जोडी नसल्यामुळे बंद आहे की घडीच बिघडली म्हणून, हे ठरवायला त्याचं सबस्ट्रेटला चिकटणं आणि तापमानाला टिकणं वेगळं तपासा.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. चांगलं आणि निकामी प्रोटीन निम्मं-निम्मं मिसळून एकाच पेशीत बनवा. जुळणी कशीही होऊ शकते असं धरलं तर चौघंही चांगले असण्याची शक्यता सोळात एक, तिघांत आठात एक, दोघांत चारात एक. एक निकामी आला की सगळं कॉम्प्लेक्स बंद पडत असेल तर टेट्रामरमध्ये काम 6 टक्क्यांच्या आसपास उरेल. पण प्रत्येक सबयुनिट स्वतंत्र काम करत असेल तर बरोबर निम्मं उरतं. ग्लुटामेटचे ट्रान्सपोर्टर ट्रायमर आहेत, पण त्यांच्यात तिघंही आपापलं काम स्वतंत्र करतात, लिफ्टसारखा वरखाली होणारा भाग प्रत्येकाचा वेगळा, आणि तिघांनी मिळून फक्त मधला खांब धरलेला. दोन्ही प्रोटीन खरंच सारखी बनली का हे वेस्टर्न ब्लॉटवर बघा, नाहीतर सगळं गणित वाया.

पेशी स्वतः जुळणी तपासते

म्युटंट पेशीत काम करत नाही म्हटल्यावर आधी तो पृष्ठभागावर पोचला का ते बघा. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत केएटीपी चॅनल असतो, त्यात चार किर6.2 आणि चार एसयूआर1 असे आठ तुकडे. दोन्ही प्रकारच्या तुकड्यांवर आर्जिनिन-लायसिन-आर्जिनिन अशी तीन अमिनो आम्लांची खूण असते, ती उघडी दिसली की ईआर (पेशीत प्रोटीन बनवून तपासणारा भाग) त्याला पुढे सोडत नाही. आठही तुकडे जुळले की खुणा एकमेकांत झाकल्या जातात आणि मगच चॅनल पृष्ठभागावर जातो. किर6.2 ची शेवटची 36 अमिनो आम्लं कापली की खूण जाते, आणि मग तो एसयूआर1 शिवाय एकटाच वर पोचून पोटॅशियम सोडतो. सोडियम-पोटॅशियम पंपातही बीटा सबयुनिट नसला तर अल्फा ईआरमध्येच अडकतो, 3 सोडियम बाहेर आणि 2 पोटॅशियम आत हे काम अल्फाचंच असलं तरी.

म्हणून पेशीतल्या प्रत्येक म्युटंटसोबत पृष्ठभागाचं बायोटिनायलेशन करा: पेशीच्या आत न शिरणारं बायोटिन (बाहेरच्या प्रोटीनला चिकटणारी खूण) बर्फावर 30 मिनिटं, ग्लायसिनने थांबवा, पेशी फोडा, स्ट्रेप्टाव्हिडिनवर (बायोटिन घट्ट पकडणारं प्रोटीन) ओढा, आणि शेजारी एकूण प्रोटीनची लेन ठेवा. ट्यूब्युलिनसारखं आतलं प्रोटीन ओढलेल्या लेनमध्ये दिसलं तर पेशी आधीच फुटल्या होत्या, तो ब्लॉट फेकून परत करा.